टेम्प्लेटमधून उभ्या केलेल्या लिनक्स व्हीएमना एकच आयपी पत्ता मिळतो: समस्या निवारण

लक्षणे

केव्हीएम (लिनक्समध्ये आभासी यंत्रे चालवण्याची सोय) आणि लिबव्हर्ट (ती यंत्रे सांभाळणारे सॉफ्टवेअर) असलेल्या होस्टवर, म्हणजे मूळ यंत्रावर, उबंटू सर्व्हरची एक व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, आभासी यंत्र) नीट बसवलेली असते, तिचे टेम्प्लेट, म्हणजे प्रती काढायचा साचा, केलेले असते आणि स्क्रिप्ट चालवून तिच्या दहा-वीस प्रती एका दमात उभ्या केल्या जातात. स्क्रिप्ट कोणतीही त्रुटी न दाखवता संपते, यादीत सगळ्या व्हीएम चालू दिसतात, आणि तरीही पुढीलपैकी काही ना काही घडू लागते.

- दोन किंवा अधिक व्हीएमना एकच आयपी पत्ता मिळतो. त्या पत्त्यावर एसएसएच (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याची पद्धत) केल्यास कधी एक व्हीएम उघडते तर कधी दुसरी, आणि चालू असलेले सेशन मधेच गोठते.
- एसएसएच ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ असा इशारा देते. हा इशारा आला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. सगळ्या प्रतींत टेम्प्लेटच्याच होस्ट की (एसएसएचला यंत्राची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) शिल्लक असतील, तर आपण भलत्याच व्हीएममध्ये शिरलो आहोत हे एसएसएचला कळतच नाही आणि ते गप्प राहते.
- ॲन्सिबल (अनेक यंत्रांवर एकदम बदल करणारे साधन) यशस्वी झाल्याचे सांगते, पण बदल एकाच व्हीएममध्ये झालेला असतो आणि उरलेल्या कोऱ्या राहतात.
- काही प्रतींना पत्ताच मिळत नाही.
- क्लाउड-इनिटला (पहिल्या बूटवर व्हीएमची मांडणी करणारा प्रोग्राम) दिलेले नवे वापरकर्ते, त्यांच्या की किंवा पहिल्या बूटच्या आज्ञा नव्या व्हीएममध्ये दिसत नाहीत. तिथे टेम्प्लेटचेच जुने खाते असते.

हा दोष मी इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी दुरुस्त केला आहे की लक्षणे ऐकली तरी पहिली शंका टेम्प्लेटवरच जाते. यंत्राची ओळख एका जागी नसते. व्हीएमच्या व्याख्येतला यूयूआयडी (तिचा एकमेव ओळख-क्रमांक), नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा पत्ता), आतल्या प्रणालीतला मशीन-आयडी, क्लाउड-इनिटचा इन्स्टन्स-आयडी आणि एसएसएचच्या होस्ट की असे तिचे पाच थर आहेत. डिस्कची नक्कल करताना यांपैकी शेवटचे तीन थर जसेच्या तसे उचलले जातात आणि पहिले दोन तुमच्या स्क्रिप्टवर अवलंबून राहतात. कोणता थर एकसारखा राहिला आहे हे आधी ठरवावे. तोवर काहीही पुसू नये आणि व्हीएम पुन्हा पुन्हा उभ्या करून पाहू नयेत.

आज्ञा आणि फाइलींची नावे खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच ती रोमन अक्षरांत द्यावीत.

पहिली तपासणी: होस्टवरची लीजची यादी

ही तपासणी काहीही बदलत नाही आणि मिनिटाभरात होते, म्हणून ती सर्वांत आधी. होस्टवर ‘व्हर्श नेट-डीएचसीपी-लीजेस डिफॉल्ट’ ही आज्ञा द्यावी. लिबव्हर्टचे डिफॉल्ट नेटवर्क १९२.१६८.१२२.०/२४ असे असते, त्यावर डीएनएसमास्क हा डीएचसीपी सर्व्हर (आपोआप आयपी पत्ते देणारी सेवा) पत्ते वाटतो आणि दिलेली लीज, म्हणजे पत्ता वापरण्याची मुदत, साधारणपणे १ तासाची असते. यादीत प्रत्येक ओळीला मॅक, आयपी, होस्टनेम आणि क्लायंट-आयडी (पत्ता मागणाऱ्याने पाठवलेली स्वतःची ओळख) असे रकाने दिसतात.

चालू व्हीएमपेक्षा यादीतल्या ओळी कमी भरल्या, तर कारण जवळपास हाती आले असे समजावे. डीएनएसमास्क ग्राहक ओळखताना मॅकच्या आधी क्लायंट-आयडी पाहतो. दोन व्हीएमनी एकच क्लायंट-आयडी पाठवला तर त्याच्या दृष्टीने तो एकच ग्राहक असतो आणि दोघींना तोच पत्ता मिळतो. खात्रीसाठी संशयित जोडीतली एक व्हीएम रीबूट करून यादी पुन्हा पाहावी. पत्ता तोच राहून त्याच ओळीतला मॅक बदलला असेल, तर गोंधळ क्लायंट-आयडीचा आहे. तो ‘एफएफ’ने सुरू होत असेल आणि त्यात ‘००:०२:००:००:एबी:११’ असा तुकडा असेल, तर तो सिस्टमडीने (लिनक्स सुरू करून त्यातल्या सेवा सांभाळणारी प्रणाली) मशीन-आयडीवरून तयार केलेला आहे. एबी११ म्हणजे दशमान पद्धतीत ४३७९३, हा सिस्टमडीचा नोंदणीकृत क्रमांक आहे. अशा वेळी थेट तिसऱ्या तपासणीकडे जावे.

ओळी पुरेशा आहेत पण काही व्हीएम यादीतच नाहीत, असे असेल तर त्यांची विनंती होस्टपर्यंत पोहोचलेली नाही किंवा पत्ते संपले आहेत. डिफॉल्ट नेटवर्कमध्ये २ ते २५४ असे २५३ पत्ते वाटायला असतात. व्हीएम वारंवार पाडून नव्या उभ्या करणाऱ्या स्क्रिप्टमुळे जुन्या लीज तासभर अडकून राहतात, आणि मोठ्या तुकड्यांच्या चाचण्या लागोपाठ घेतल्यास ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते.

व्हीएम डिफॉल्ट नेटवर्कऐवजी ब्रिजवर (व्हीएमना थेट बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा दुवा) असतील, तर हीच यादी कार्यालयाच्या राउटरवर किंवा डीएचसीपी सर्व्हरवर पाहावी लागते.

दुसरी तपासणी: मॅक आणि यूयूआयडी

याही तपासणीत फक्त वाचायचे आहे. ‘व्हर्श डॉमआयएफलिस्ट’ प्रत्येक व्हीएमचा मॅक दाखवते आणि ‘व्हर्श डॉमयूयूआयडी’ तिचा यूयूआयडी. सगळ्या व्हीएमवर एक छोटा लूप चालवून दोन्ही याद्या काढाव्यात आणि त्यांत पुनरावृत्ती शोधावी.

‘व्हर्ट-क्लोन’ने केलेल्या प्रतींना नवा मॅक आणि नवा यूयूआयडी मिळतो, त्यामुळे तिथे हा दोष सहसा नसतो. तो सापडतो तो व्हीएमची व्याख्या असलेली एक्सएमएल फाइल हाताने कॉपी करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, किंवा लिबव्हर्टला वगळून क्यूईएमयू (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) थेट चालवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये. क्यूईएमयूला मॅक सांगितलाच नाही तर ते पहिल्या कार्डाला ५२:५४:००:१२:३४:५६ हा ठरलेला पत्ता देते. अशा दोन व्हीएम एकाच ब्रिजवर आल्या की केवळ आयपीच नव्हे, तर ब्रिजची मॅक-तालिकाही सतत उलटसुलट होत राहते. हा पत्ता यादीत दोनदा दिसला तर पुढे काही शोधायची गरज नाही. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक व्हीएमला वेगळा मॅक द्यावा.

यूयूआयडीकडे दुर्लक्ष करू नये. एकाच होस्टवर तोच यूयूआयडी वेगळ्या नावाने नोंदवायला लिबव्हर्ट नकार देते, पण दोन वेगळ्या होस्टवर तीच एक्सएमएल वापरली तर अडवणारे कोणी नसते. त्याचा परिणाम मशीन-आयडीवर होतो. केव्हीएमच्या आत सिस्टमडीला मशीन-आयडीची फाइल रिकामी मिळाली, तर ते नवा क्रमांक व्हीएमच्या यूयूआयडीवरून घेते. म्हणजे टेम्प्लेट काळजीपूर्वक साफ केलेले असूनही दोन होस्टवरच्या दोन व्हीएम पुन्हा एकाच ओळखीच्या होतात. ‘मशीन-आयडी पुसला, तरी तोच परत येतो’ ही तक्रार ऐकली की मी आधी इथे पाहतो. उपाय सोपा आहे: नवी व्हीएम नोंदवण्यापूर्वी एक्सएमएलमधून यूयूआयडीची आणि मॅकची ओळ काढून टाकावी, लिबव्हर्ट दोन्ही नव्याने तयार करते.

तिसरी तपासणी: आतला मशीन-आयडी

आता व्हीएमच्या आत जायचे आहे, आणि इथे एसएसएच वापरू नये. पत्ताच सामायिक असताना आपण नेमके कोणत्या व्हीएममध्ये आहोत याची खात्री देता येत नाही, आणि चुकीच्या व्हीएममध्ये दिलेली आज्ञा मूळ दोषापेक्षा महाग पडू शकते. ‘व्हर्श कन्सोल’ किंवा व्हर्ट-मॅनेजरची खिडकी वापरावी. व्हीएममध्ये क्यूईएमयूचा गेस्ट एजंट असेल, तर ‘व्हर्श डॉमआयएफॲड्र’ला एजंटचा स्रोत सांगून प्रत्येक व्हीएमला तिचा पत्ता नेटवर्कशिवाय विचारता येतो.

/ईटीसी/मशीन-आयडी ही फाइल वाचावी. तिच्यात ३२ षोडशमान अक्षरांची एकच ओळ असते. ती दोन व्हीएममध्ये सारखी निघाली तर दोष सिद्ध झाला. उबंटू सर्व्हरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत नेटप्लॅनच्या (उबंटूत नेटवर्कची मांडणी लिहिण्याची सोय) मागे सिस्टमडी-नेटवर्कडी काम करते, आणि ते डीएचसीपी सर्व्हरला मॅकऐवजी याच क्रमांकावरून काढलेली ओळख पाठवते. मॅक वेगळे असूनही पत्ता एकच का, या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

एखाद-दुसरी व्हीएम लगेच सुधारायची असेल तर ही फाइल रिकामी करावी, पण काढून टाकू नये. मूळ फाइलसिस्टम केवळ-वाचन स्थितीत असताना बूट झाल्यास सिस्टमडीला तात्पुरता क्रमांक ठेवायला ती जागा लागते. त्यानंतर /व्हार/लिब/डीबस/मशीन-आयडी पाहावी. ती पहिल्या फाइलकडे जाणारी सिमलिंक असेल तर तशीच राहू द्यावी. ती स्वतंत्र फाइल असेल तर काढावी, कारण सिस्टमडी नवा क्रमांक बनवण्याआधी डी-बसचा जुना क्रमांक मिळतो का ते बघते आणि मिळाला तर तोच उचलते. मग रीबूट करावे. जुने जर्नल /व्हार/लॉग/जर्नलमध्ये जुन्या क्रमांकाच्या फोल्डरमध्येच राहते आणि साध्या ‘जर्नलसीटीएल’मध्ये ते दिसेनासे होते. लॉग हरवले असे समजून कोणी घाबरू नये, म्हणून सहकाऱ्यांना हे आधी सांगून ठेवावे.

नेटप्लॅनमध्ये ‘डीएचसीपी-आयडेंटिफायर: मॅक’ असे लिहिले की पत्ते लगेच वेगळे होतात, आणि हा उपाय अनेक ठिकाणी सुचवला जातो. तातडीच्या वेळी तो जरूर वापरावा, पण तेवढ्यावर थांबावे असे मला वाटत नाही. पत्त्यांचा गोंधळ मिटतो, मशीन-आयडी मात्र सारखाच राहतो. पुढे केंद्रीय लॉग-संग्रह किंवा देखरेखीचा एजंट त्या क्रमांकावरून यंत्रे मोजू लागला की वीस व्हीएमचे एकच यंत्र दिसते, आणि तोवर मूळ कारण कोणाच्या लक्षात राहिलेले नसते.

चौथी तपासणी: क्लाउड-इनिट खरोखर चालले का

इथे थोडा अधिक वेळ लागतो. व्हीएममध्ये ‘क्लाउड-इनिट स्टेटस --लाँग’ द्यावे.

उत्तर ‘डिसेबल्ड’ आले, तर क्लाउड-इनिटला माहितीचा स्रोत सापडलेला नाही. नोक्लाउड पद्धतीत ही माहिती एका छोट्या आयएसओवर असते, त्या आयएसओचे लेबल ‘सीआयडाटा’ असावे लागते आणि तिच्यात यूजर-डेटा व मेटा-डेटा या दोन्ही फाइली असाव्या लागतात. लेबलात एका अक्षराची चूक झाली तरी ती आयएसओ विचारात घेतली जात नाही. /रन/क्लाउड-इनिटमधला डीएस-आयडेंटिफायचा लॉग कोणते स्रोत तपासले ते स्पष्ट सांगतो.

टेम्प्लेट जर उबंटूच्या आयएसओवरून हाताने बसवलेल्या व्हीएमचे असेल, तर /ईटीसी/क्लाउड/क्लाउड.सीएफजी.डी हे फोल्डर अवश्य उघडावे. इन्स्टॉलर तिथे ‘९९-इन्स्टॉलर’ या नावाची फाइल ठेवतो, जिच्यात स्रोतांची यादी ‘नन’ एवढीच असते, आणि क्लाउड-इनिटचे नेटवर्क बंद करणारी आणखी एक फाइल असू शकते. इन्स्टॉलरच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण बसवलेला सर्व्हर पुन्हा बदलू नये अशी त्याची अपेक्षा असते. टेम्प्लेटसाठी मात्र या दोन्ही फाइली काढाव्या लागतात. तयार क्लाउड इमेजपासून सुरुवात केली तर हा प्रश्नच उद्भवत नाही, आणि म्हणून नव्याने मांडणी करणाऱ्याला मी नेहमी क्लाउड इमेजच सुचवतो.

उत्तर ‘डन’ आले आणि तरीही काही बदललेले नसेल, तर इन्स्टन्स-आयडी पाहावा. वापरकर्ते तयार करणे, होस्ट की बनवणे, ‘रनसीएमडी’तल्या आज्ञा चालवणे ही कामे क्लाउड-इनिट एका इन्स्टन्स-आयडीसाठी एकदाच करते. टेम्प्लेट एकदा बूट झालेले असेल आणि तुमची स्क्रिप्ट प्रत्येक मेटा-डेटात तोच ठरीव क्रमांक लिहीत असेल, तर नवी व्हीएम स्वतःला जुनीच समजते. स्क्रिप्टने प्रत्येक व्हीएमसाठी वेगळा इन्स्टन्स-आयडी लिहावा. व्हीएमचे नाव आणि निर्मितीची वेळ जोडून केलेला क्रमांक पुरतो.

उत्तर ‘एरर’ असेल तर /व्हार/लॉगमधला क्लाउड-इनिटचा लॉग वाचावा. बहुतेकदा यॅमलमधले (यूजर-डेटा ज्या स्वरूपात लिहितात ते) अंतर बिघडलेले असते किंवा यूजर-डेटाच्या पहिल्या ओळीवरचे ‘#क्लाउड-कॉन्फिग’ हे शब्द गळलेले असतात. ‘क्लाउड-इनिट स्कीमा --सिस्टम’ ही आज्ञा अशा चुका दाखवून देते.

पाचवी तपासणी: ज्यांना पत्ताच मिळत नाही त्या व्हीएम

/ईटीसी/नेटप्लॅनमधल्या फाइली उघडाव्यात. क्लाउड-इनिटने लिहिलेल्या ५०-क्लाउड-इनिट फाइलीत ‘मॅच’खाली टेम्प्लेटचा मॅक राहून गेलेला असतो. नव्या व्हीएमचा मॅक वेगळा, त्यामुळे ती ओळ तिच्या कार्डाला लागूच होत नाही आणि कार्ड खाली पडून राहते. टेम्प्लेटमधून ही फाइल काढावी, पुढच्या पहिल्या बूटवर क्लाउड-इनिट ती नव्या मॅकसह पुन्हा लिहिते. जुन्या सेंटओएस ६ वर हाच घोळ यूडेव्हच्या ‘७०-पर्सिस्टंट-नेट’ नियमांची फाइल करते आणि कार्डाचे नाव ईटीएच० ऐवजी ईटीएच१ होते.

सहावी आणि सर्वांत कष्टाची पायरी: टेम्प्लेट पुन्हा घडवणे

वरील दुरुस्त्या प्रतींवर करता येतात, पण टेम्प्लेट तसेच राहिले तर पुढच्या तुकडीत हाच दोष परत येतो. म्हणून खरी दुरुस्ती टेम्प्लेटची.

क्रम असा ठेवावा. टेम्प्लेटची व्हीएम चालू करून अद्ययावत करावी. इन्स्टॉलरने ठेवलेल्या फाइली आणि जुनी नेटप्लॅन फाइल काढावी. ‘क्लाउड-इनिट क्लीन --लॉग्स’ द्यावे; नव्या आवृत्त्यांत ‘--मशीन-आयडी’ हा पर्यायही आहे, नसेल तर मशीन-आयडी हाताने रिकामा करावा. /ईटीसी/एसएसएचमधल्या होस्ट की काढाव्यात आणि /व्हार/लिब/सिस्टमडीमधली रँडम-सीड फाइलही काढावी, कारण सगळ्या प्रतींनी एकाच बीजापासून यादृच्छिक अंक बनवायला सुरुवात करणे सुरक्षेच्या दृष्टीने बरे नाही. यानंतर व्हीएम लगेच बंद करावी. रीबूट करू नये, आणि ‘एकदा चालते का पाहू’ म्हणून पुन्हा चालूही करू नये. एका बूटमध्ये मशीन-आयडी, होस्ट की आणि इन्स्टन्स-आयडी सगळे पुन्हा तयार होतात आणि सफाई वाया जाते. टेम्प्लेट दूषित होण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

होस्टवरून हेच काम ‘व्हर्ट-सिसप्रेप’ करते, मात्र व्हीएम बंद असताना. त्याविषयी एक सूचना महत्त्वाची आहे. ते होस्ट की काढते, आणि रेड हॅट कुळातल्या प्रणाली त्या पुढच्या बूटवर आपोआप बनवतात, पण उबंटू व डेबियनवर क्लाउड-इनिट नसेल तर त्या कोणीच बनवत नाही आणि एसएसएच सेवा सुरूच होत नाही. तिथे पहिल्या बूटवर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ओपनएसएसएच-सर्व्हर’ चालेल अशी सोय करावी.

खात्री करण्यासाठी टेम्प्लेट चालू करण्याची गरज नाही. ‘व्हर्ट-कॅट’ बंद इमेजमधली फाइल वाचून दाखवते; मशीन-आयडी रिकामा किंवा ‘अनइनिशियलाइज्ड’ दिसला पाहिजे. मग दोनच व्हीएम उभ्या कराव्यात आणि दोघींचे मॅक, यूयूआयडी, मशीन-आयडी, इन्स्टन्स-आयडी, होस्ट कीचा ठसा आणि आयपी शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. दोघी सगळ्या बाबतींत वेगळ्या निघाल्या तरच पूर्ण तुकडी सोडावी. ही तुलना स्क्रिप्टच्या शेवटीच बसवली, तर दोष वापरकर्त्यांपर्यंत पोहोचण्याआधी कळतो.

कुठे थांबावे

टेम्प्लेटची डिस्क क्यूकाउ२ (क्यूईएमयूच्या डिस्क-फाइलीचा एक प्रकार) असेल आणि प्रती तिच्यावर आधारलेल्या ओव्हरले असतील, तर वरची सफाई त्या मूळ फाइलीवर कधीही करू नये. ओव्हरलेमध्ये फक्त बदललेले भाग असतात, बाकी सगळे मूळ फाइलीतून वाचले जाते. मूळ फाइल एकदा बूट झाली तरी सगळ्या प्रतींची फाइलसिस्टम बिघडू शकते. ‘क्यूईएमयू-आयएमजी इन्फो’ला ‘--बॅकिंग-चेन’ जोडून आधी अवलंबित्व पाहावे, सफाई मूळ फाइलीच्या पूर्ण प्रतीवर करावी आणि जुनी मूळ फाइल केवळ-वाचन ठेवावी. ती आधीच बदलली गेली असेल तर सगळ्या व्हीएम बंद कराव्यात, फाइलसिस्टम दुरुस्तीची आज्ञा चालवू नये, फाइली आहेत तशा दुसरीकडे कॉपी कराव्यात आणि डेटा परत मिळवण्याचे काम करणाऱ्या माणसाला बोलवावे.

व्हीएम आधीच कुबरनेटीसच्या किंवा डेटाबेसच्या क्लस्टरमध्ये सामील झाल्या असतील, तर ओळख बदलण्याचे काम त्या क्लस्टरच्या प्रशासकाकडे द्यावे. क्यूबॲडमला (कुबरनेटीसचे क्लस्टर उभे करणारे साधन) प्रत्येक नोडचे, म्हणजे क्लस्टरमधल्या यंत्राचे, होस्टनेम, मॅक आणि प्रॉडक्ट-यूयूआयडी वेगळे हवे असतात, आणि चालत्या नोडखाली ते बदलणे म्हणजे नोड बाहेर काढून पुन्हा जोडणे. मशीन-आयडीला बांधलेले सशुल्क लायसन्स असेल, तर विक्रेत्याच्या सहाय्य विभागाला आधी विचारावे.

सारख्या होस्ट की असलेल्या व्हीएम इंटरनेटवर उघड्या होत्या असे आढळले, तर की बदलून विषय संपत नाही. एका व्हीएममध्ये कोणी शिरले असेल तर त्याला उरलेल्या सगळ्यांच्या की मिळालेल्या असतात. हे सुरक्षा पथकाला कळवावे.

आणि मॅक, यूयूआयडी, मशीन-आयडी सगळे वेगळे असूनही पत्ते टक्कर घेत असतील, तर दोष व्हीएमच्या बाहेर आहे. नेटवर्कवर दुसरा डीएचसीपी सर्व्हर चालू असू शकतो किंवा कोणी तोच पत्ता हाताने दिलेला असू शकतो. तुमच्या ताब्यात नसलेल्या स्विचवर किंवा राउटरवर प्रयोग न करता, दोन्ही व्हीएमचे मॅक, टक्कर झालेला पत्ता, वेळ आणि लीजची यादी एवढे घेऊन नेटवर्क प्रशासकाकडे जावे.